सर, जागा आहे का?

नेटचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर एकच प्रश्न येत राहतो. "मॅडम, तुमच्याकडे जागा आहे का?" विषय कोणता, ते नाही. काय शोधायचंय, ते नाही. नुसती जागा. लॉजच्या काउंटरवर खोली विचारावी तशी.

या मुलांचा मला राग येत नाही. ही भाषा त्यांना आम्हीच शिकवली. गाइड म्हणजे जागा, जागा म्हणजे ओळख आणि ओळख म्हणजे कुणाचा तरी फोन, हे गणित कॉलेजांच्या आवारात इतकी वर्षं चाललंय की त्यात संशोधनही असतं याचा मुलांना विसर पडला. पडणारच.

आधी जागांचा हिशोब मांडते, कारण मुलांना तोही कुणी धड सांगत नाही. पीएचडीबद्दलचे यूजीसीचे सध्याचे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. प्रोफेसरकडे एका वेळी 8 विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे 6, असिस्टंट प्रोफेसरकडे 4. ज्यांच्या निवृत्तीला 3 वर्षंही उरलेली नाहीत, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाइड कायम नोकरीतलाच हवा. आता तुमच्या जवळच्या कॉलेजात जाऊन बघा. विभागात कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती? पीएचडी झालेली, चांगले पेपर नावावर असलेली, तासाच्या हिशोबावर वर्षानुवर्षं राबणारी माणसं तिथे भेटतील. त्यांना गाइड होता येत नाही. सरकार पदं भरत नाही, म्हणून गाइड नाहीत. गाइड नाहीत, म्हणून जो आहे त्याच्या दाराशी रांग. आणि रांग लागली की दारावरचा माणूस मोठा होतो. मुलांना गाइडसमोर वाकून का बोलावं लागतं, याचं निम्मं उत्तर भरतीच्या त्या रखडलेल्या फायलीत आहे. ते उत्तर देण्याची जबाबदारी मंत्रालयाची आहे, मुलांची नाही.

उरलेलं निम्मं आमच्याकडे.

गेल्या वर्षी एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. निफाडकडची. हातात प्लॅस्टिकची फाइल, तीत दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, वर नेटचं स्कोअरकार्ड. नेटमध्ये आता फक्त पीएचडी प्रवेशासाठीची जी वेगळी यादी लागते, तीत ती बसली होती. या यादीतल्या मुलांचा स्कोअर वर्षभरच चालतो. त्यातले 5 महिने गेले होते. "मॅडम, 34 जणांना मेल केला," ती म्हणाली. "एकाचं उत्तर आलं. 'नो व्हेकन्सी' म्हणून."

मेल दाखव म्हटलं. तिने फोन पुढे केला. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर रिसर्च वर्क. काइंडली गिव्ह मी अ चान्स टु वर्क अंडर युअर एस्टीम्ड गायडन्स." खाली नाव, मोबाइल नंबर आणि जोडलेला बायोडेटा. बस्स. 34 जणांना एकच मजकूर. त्यात वनस्पतिशास्त्राचे होते, सूक्ष्मजीवशास्त्राचे होते, दोघे रसायनशास्त्राचेही होते. 11 जणी मॅडम होत्या. त्यांनाही 'सर'च.

हा मेल तिने एका सीनियरकडून घेतला होता. सीनियरने त्याच्या सीनियरकडून. एक वाक्य बदलायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण काही चुकेल, मोठ्या माणसाला राग येईल, ही भीती. घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही अशा मुलामुलींत ही भीती मी रोज पाहते. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलाला जेवणाच्या ताटावर कळतं की अमक्या लॅबमध्ये उन्हाळ्यात विद्यार्थी घेतात, तमक्या सरांना आधी त्यांचा पेपर वाचून लिहायचं असतं. निफाडच्या मुलीला ते कोण सांगणार? वर्गात सांगायचं काम आमचं. आम्ही सांगत नाही.

तिला विचारलं, "तुला काय शोधायचंय?"

"तुम्ही द्याल तो विषय, मॅडम."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. 17 वर्षं शिकलेली, देशपातळीची परीक्षा पास झालेली मुलगी, आणि तिला वाटतं की प्रश्न पडणं हे तिचं कामच नाही. प्रश्न गाइडने द्यायचा, तिने तो 5 वर्षं वाहायचा.

मग मी फाइल बंद केली आणि घरचं विचारलं. शेती. उन्हाळ कांदा. साठवणीच्या दोन चाळी. एप्रिलमध्ये भरतात, भाव बघून पोळ्याच्या आसपास फोडतात. "किती सडतो?" म्हटलं, तर पहिल्यांदा तिची मान वर झाली. "कुठला सांगू, मॅडम? खालच्या थरातला वेगळा, मधला वेगळा. आणि पश्चिमेच्या बाजूचा कांदा आधी काजळतो. दादा म्हणतात, पावसाची झड लागते म्हणून. पण झड लागत नाही त्या चाळीतही पश्चिमेचाच आधी जातो."

"कशावरून?"

"मी मोजलंय. दोन वर्षं. घरी वही आहे."

फाइलमध्ये दहावीची मार्कशीट होती. वही नव्हती. वही घरी होती, कपाटावर, कारण ती दाखवायची गोष्ट आहे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्याकडे जागा नव्हती. सहाच्या सहा भरलेल्या. पण त्या दुपारी आम्ही दोघी लायब्ररीच्या कॉम्प्युटरपाशी बसलो आणि शोधगंगा उघडली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं हे भांडार. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. नेट पास झालेल्या कितीतरी मुलांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं, उघडलेलं नसतं. आणि गाइड शोधायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. गाइडचं नाव टाकायचं. त्यांच्या हाताखाली कोण कोण पीएचडी झालं, कशावर, किती साली, सगळं समोर येतं. मग प्रबंध उघडायचे. काही गाइडांचे 5 प्रबंध 5 दिशांना गेलेले असतात, पण सगळ्यांच्या तळाशी एकच ध्यास दिसतो. तिथे खुणेचा कागद ठेवायचा. काही गाइडांकडे मात्र जिल्ह्याचं नाव तेवढं बदललेलं असतं. 'नाशिक जिल्ह्यातील अमुक: एक अभ्यास', 'धुळे जिल्ह्यातील अमुक: एक अभ्यास', 'जळगाव जिल्ह्यातील अमुक: एक अभ्यास'. प्रकरणं तीच, तक्ते तेच, निष्कर्षही तेच. तिथून उठायचं. मग त्या सरांची दिल्लीपर्यंत ओळख असली तरी.

संदर्भांची यादी शेवटून वाचायची, हेही तिला सांगितलं. 2020 च्या प्रबंधात सगळे संदर्भ 1990 च्या आधीचे असतील, तर त्या घरात नवं वाचन बंद झालंय.

दीड तासात 34 नावांची 3 नावं झाली. त्या तिघांचे प्रत्येकी दोन पेपर वाचायचे ठरले. ती म्हणाली, "इंग्रजी जड जातं, मॅडम." जाणारच. डिक्शनरी घेऊन बसायचं, एका पेपरला चार दिवस लागले तर लागू देत. पेपर न वाचता ज्याच्याकडे 5 वर्षं जायचं, तो माणूस आपण निवडला असं कसं म्हणायचं?

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. गाइडला भेटायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठायचं. विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. आत्ता काम करताहेत त्यांना, पूर्ण झालेत त्यांना, आणि सोडून गेलेत त्यांना तर नक्कीच. सर स्वभावाने कसे आहेत हे विचारू नये. त्यावर सगळे 'चांगले आहेत'च म्हणतात. दिलेलं प्रकरण किती दिवसांनी परत मिळतं, ते विचारावं. पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, ते विचारावं. शेवटचं कोण सोडून गेलं आणि का, ते विचारावं, आणि उत्तर द्यायच्या आधी समोरचा किती वेळ गप्प बसतो तेही बघावं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं तिसरं प्रकरण माझ्या गाइडच्या स्टीलच्या कपाटात 11 महिने पडून होतं. दर महिन्याला मी 4 तास एसटीने जायचे, बाकावर बसायचे, 'पुढच्या आठवड्यात बघू' ऐकून परत यायचे. एकदा त्यांच्या घरची वीजबिलं भरून आले. एकदा त्यांच्या नातेवाइकांसाठी तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. माझ्या आधीच्या दोन मुलींनी त्याच बाकावर बसून शेवटी काम सोडलं होतं, हे मला प्रबंध सादर झाल्यावर कळलं. कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. त्या दोघींपैकी एक आज किराणा दुकान चालवते. तिचा विषय माझ्यापेक्षा चांगला होता.

म्हणून जे गाइड मुलांना घरगुती कामांना लावतात, त्यांच्याबद्दल मला मऊ बोलता येत नाही. ही चोरी आहे. विद्यार्थ्याच्या वयाची वर्षं चोरणं. आणि पैसे मागणाऱ्यांच्या बातम्या तर पेपरात येतातच. सरकारी पगार घेणाऱ्या गाइडने सहीसाठी पैसे मागितले, तर तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा विषय आहे आणि त्यांचा टोल फ्री नंबर 1064 आहे. हा नंबर प्रत्येक संशोधन केंद्राच्या सूचना फलकावर लावायला हवा. गाइडच्या केबिनला लागूनच.

गाइडच्या दाराशी अडवली गेलेली मराठी मुलगी म्हटलं की कमला भागवत आठवतात. दुर्गा भागवतांची बहीण, पुढच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठातून उत्तम मार्कांनी बीएस्सी झाल्या आणि 1933 मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, प्रवेश मागितला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई गप्प घरी बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठलं आणि समोर उभं राहून कारण विचारलं. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, गाइड म्हणेल तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. ही तिसरी अट लिहितानाही हात थबकतो. तो अपमान त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही.

पण त्याच इमारतीत त्यांना एम. श्रीनिवासय्या भेटले. कडक शिस्तीचे, काम करून घेणारे आणि शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं आणि 1936 मध्ये एमएस्सी मिळवली. संस्थेच्या प्रमुखाने दार लावलं होतं, आणि आतल्या एका शिक्षकाने टेबल दिलं. पुढे केंब्रिजमध्येही टेबलाचीच गोष्ट. तिथे आधी डेरेक रिक्टर यांनी आपल्याजवळची जागा देऊ केली, ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे काम झालं. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं, हे तिथलं त्यांचं काम. 1939 मध्ये पीएचडी. प्रबंध 40 पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परत येऊन त्यांनी नीरेवर काम केलं, म्हणजे पुन्हा आपल्या मातीतलाच प्रश्न उचलला.

400 पानांचा प्रबंध बांधून आणणाऱ्या प्रत्येकाने तो 40 पानांचा आठवावा, असं मला वाटतं. असो.

या गोष्टीत मला सर्वांत जास्त दिसतं ते श्रीनिवासय्यांचं टेबल. आमच्यात रामन होण्याची ताकद आहे की नाही ते सोडा, पण श्रीनिवासय्या होणं आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातात आहे.

गाइड निवडताना मुलांना आणखी एक भीती असते. "सरांचं मत वेगळं असलं तर?" असू दे ना. डॉ. आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923 मध्ये पुस्तक होऊन आला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेतच कॅनन यांनी उघड लिहिलं की गोल्ड एक्स्चेंज स्टँडर्डला आंबेडकरांचा जो विरोध आहे तो आपल्याला मान्य नाही, त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. आणि तरी प्रस्तावना लिहिली, कामाची ताकद मान्य केली. न पटलेल्या कामामागे आपलं नाव उभं करणारा गुरू. आज आमच्याकडे सिनॉप्सिसमधलं एक वाक्य सरांच्या पुस्तकाविरुद्ध गेलं तर ते खोडलं जातं, आणि मुलगाच स्वतः ते खोडतो, सरांनी सांगायच्या आधी.

आता आम्हा गाइडांसाठी एक ओळ. जागा नसेल तर 'नाही' लिहा. त्याला अर्धं मिनिट लागतं. शक्य असेल तर आणखी एक वाक्य लिहा, अमक्यांना विचारून बघ. 34 पैकी 33 जण गप्प बसले, त्यातले काही माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. सज्जन माणसं. त्यांच्या गप्प बसण्याने एक मुलगी 5 महिने रोज सकाळी फोन उघडून बघत होती.

आणि हा प्रश्न आता फक्त पीएचडीपुरता राहणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या 6 सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्या मुलांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येणार आहे. म्हणजे विशीतली मुलं स्टाफरूमच्या दाराशी गाइड विचारत येणार. त्यांनाही 'आहे का जागा' एवढंच शिकवून पाठवणार आहोत का आपण? पहिल्या वर्षीच्या पहिल्या महिन्यात एक तास द्या. एक पेपर कसा वाचायचा आणि अनोळखी माणसाला पत्र कसं लिहायचं, एवढंच त्यात शिकवा. त्याला वेगळं क्रेडिट लागत नाही.

त्या मुलीचं पत्र आम्ही दोन दिवसांनी लिहिलं. म्हणजे तिने लिहिलं, मी खोडत गेले. 'एस्टीम्ड' गेलं. 'काइंडली' गेलं. बायोडेटाची तीन पानं होती, त्यांचं एक झालं. राहिलं ते असं. मी निफाड तालुक्यातली, एमएस्सी वनस्पतिशास्त्र. घरच्या दोन कांदा चाळींमध्ये दोन हंगाम, दर पंधरा दिवसांनी, थरानुसार आणि दिशेनुसार सडलेला कांदा निवडून वजन केलंय. पश्चिमेच्या बाजूला काळी बुरशी आधी येते, आणि ते फक्त पावसाच्या झडीमुळे नसावं असं वाटतं. साठवणीतल्या बुरशीवरचा तुमचा पेपर वाचला. त्यात तापमान मोजलंय, पण चाळीच्या आतली हवा कुठून कशी फिरते ते नाही. हे दोन्ही एकत्र मोजता येईल का? तुमच्याकडे जागा नसली तरी हा प्रश्न योग्य आहे का, एवढं सांगाल का?

शेवटचं वाक्य तिचं. मी ते सुचवलं नव्हतं.

पाठवायच्या आधी तिने तीनदा विचारलं, "त्यांच्या पेपरमध्ये नाही, असं लिहिलेलं चालेल का मॅडम? राग नाही ना येणार?" मी म्हटलं, राग आला तर तिथे जायचं नाही, हे फुकटात कळेल.

तिघांना तीन वेगळी पत्रं गेली. एकाचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलं की त्यांच्या निवृत्तीला 2 वर्षं राहिलीत, नवा विद्यार्थी घेता येत नाही, पण राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात साठवणुकीवर काय काम झालंय ते आधी वाचून काढ, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची तेही कळवलं. तिसऱ्या मॅडम असिस्टंट प्रोफेसर. चारपैकी एक जागा रिकामी. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला आलं. मुलीने ते मला तसंच पाठवलं, खाली एकही शब्द न लिहिता.

"तुझं म्हणणं बरोबर आहे, हवेचं मोजमाप आम्ही केलं नव्हतं. जागेचं मुलाखतीनंतर बघू, ते समितीच्या हातात असतं. मंगळवारी 11 वाजता विभागात ये. मार्कशीट नको. वही आण."